चिंचेखाली आंब्याची पानं

१५ सप्टेंबर, सोमवार

निवृत्त झाल्यावर दैनंदिनी लिहायची नाही असं ठरवलं होतं. लिहिण्यासारखं काही घडत नसताना रोज वही उघडणं म्हणजे शाईची नासाडी. आजपासून घडणार आहे, म्हणून लिहिते.

सांवेर रोडवर एका बंद कारखान्याच्या आवारात निसर्ग आणि विज्ञानाचं सजीव संग्रहालय उघडलं आहे. पाहुण्यांना फिरवायला त्यांना स्वयंसेवक हवे होते. मी फोन केला. मुख्याध्यापिका होते, बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं आणि गुडघे चांगले आहेत, असं सांगितलं. ताबडतोब, आज सोमवारची सुट्टी असूनही बोलावलं. बहुतेक गुडघ्यांमुळे.

आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात सगळं बरण्यांत असायचं. पिवळा पडलेला साप, पिवळा पडलेला बेडूक, नाकात शिरणारा फॉर्मलिनचा वास. इथे बरणी एकही नाही. मधमाश्यांचं पोळं काचेच्या दोन तावदानांमध्ये आहे. नळीतून माश्या बाहेर जातात, पाठीमागच्या शेवग्यावरून परत येतात. जाळीच्या घरात फुलपाखरं आहेत. मोठ्या हौदात मासे, कडेला बेडूक. सगळं हलतं आहे. मी बराच वेळ पोळ्यासमोर उभी राहिले, हे मान्य करते.

कार्यक्रम सांभाळणारी मुलगी अस्मिता. साताऱ्याची, इथे येऊन वर्ष झालं असेल. केस कापलेले, पँटला खिसेच खिसे. तिने पहिल्याच दिवशी मला नियम सांगितला. पाहुण्याला प्राण्याचं नाव आधी सांगायचं नाही. ‘काय दिसतंय?’ एवढंच विचारायचं.

“मग नाव कधी सांगायचं?”

“मागतील तेव्हा, ताई.”

“आणि मागितलंच नाही तर?”

“तर त्यांना बघण्यातून फुरसत झाली नसेल.”

ही कामचुकारपणाची नवी पद्धत दिसते.

परत आले तर शेजारच्या कृष्णरावांच्या आवारात पालापाचोळा घोट्यापर्यंत. त्यांच्या दोन आंब्यांखाली कोणी कधी झाडू फिरवला असेल असं वाटत नाही. अख्खं इंदूर स्वच्छतेत पहिलं म्हणून मिरवतं, आणि छत्रीबागेत आमच्या भिंतीला लागून हे. नगर निगमच्या अ‍ॅपवर पुन्हा तक्रार टाकली. फोटो काढत होते तेव्हा ते ओसरीवरून ओरडले, “मनोरमाबाई, थांबा, केस विंचरून येतो. फोटोत जरा बरा दिसेन.”

आणखी एक फोटो काढला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज ‘फुलपाखरांचा नाश्ता’. सकाळी जाळीच्या घरात पिकून काळी पडलेली केळी ताटलीत ठेवतात आणि पाहुण्यांना भोवती बसवतात. माझ्या गटात मल्हारगंजचं एक कुटुंब होतं. पहिलं फुलपाखरू बसताक्षणी मी नाव सांगितलं, कुळ सांगितलं, आयुष्य किती ते सांगितलं. त्यांनी “अच्छा, अच्छा” म्हटलं, फोटो काढला आणि विचारलं, “कँटीन किधर है?”

अस्मिताचा गट पलीकडे. ती फक्त विचारत होती. “तोंड कुठे आहे त्याचं?” “पाय किती मोजलेत?” एका आजोबांनी चार मोजले, त्यांच्या सुनेने सहा. दोघांची जुंपली. सगळे ताटलीवर इतके वाकले की डोकी एकमेकांना लागली. माझा गट कचोरी खाऊन परत आला तरी ते तिथेच होते.

आजोबांचे चार बरोबर होते. त्या जातीत पुढचे दोन पाय आखडून बारीक झालेले असतात. सुनेचे सहाही बरोबरच. अस्मिताने दोघांनाही तसं सांगितलं आणि दोघंही जिंकल्यासारखे हसले. वर्गात मला हे कधी जमलं नाही. मला ते जमवायचं आहे असंही कधी वाटलं नव्हतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज एका भिशीच्या बायका आल्या. नवरात्राच्या साड्या, दागिने, भरपूर गोंगाट. त्यांना मधमाश्यांकडे नेलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

“रानी कौनसी है, मॅडमजी?”

उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, “आप बताइए. घर में मालकिन कौन है, कैसे पता चलता है?”

एक म्हणाली, जी काम करत नाही ती. दुसरी म्हणाली, वाह, मग आमच्याकडे सासूबाई! तिसरीने काचेला नाक लावलं आणि हळूच म्हणाली, “वो देखो. जिसको सब रस्ता दे रहे हैं.” राणी होती. सगळ्या गप्प झाल्या. भिशीच्या बायका गप्प झालेल्या मी प्रथमच पाहिल्या.

अस्मिता मागे उभी होती. “मस्त, ताई,” एवढंच म्हणाली. या वयात शाबासकी मिळाली म्हणून हुरळून जायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात मोठी चिंच आहे. तिच्याखाली कुजका पाला, काटक्या, मोडकं लाकूड असा सगळा पसारा पडलेला. अस्मिता रोज तिथे उकिडवी बसते आणि झारीने त्या कचऱ्यावर पाणी शिंपडते. माळ्यालाही तिकडे जाऊ देत नाही. हुशार मुलगी, पण स्वच्छतेची नजर नाही. इंदूरमध्ये मुरायला वेळ लागतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

संग्रहालयाचे विश्वस्त सुशांतजी आज आले होते. जमीन त्यांची, सळया बनवण्याचा कारखाना त्यांच्या वडिलांचा होता. माणूस सज्जन आहे, पण चिंचेखाली उभे राहून म्हणाले, “अस्मिताजी, यहाँ पोहे-जलेबी का काउंटर डाल देते हैं. फर्श पक्का करवा लेंगे. इंदौर में बिना खाए कोई कुछ नहीं देखता.”

अस्मिताचा चेहरा उतरला. ती म्हणाली की बारा तारखेच्या रविवारी याच कोपऱ्यात नवा कार्यक्रम आहे, ‘पायाखालचं जग’. तो बघा आणि मग ठरवा. सुशांतजींनी कबूल केलं. बाकीच्या विश्वस्तांनाही आणणार. लोक रमले तर कोपरा अस्मिताचा, नाहीतर पोह्यांचा.

नंतर ती मला म्हणाली, “ताई, वर्षभर मी याच्याच मागे आहे. हे गेलं तर मी इथे राहून काय करू?”

उद्या दसरा, ती आज संध्याकाळच्या गाडीने साताऱ्याला गेली. आठ तारखेला येईल. सतरंज्या, पांढऱ्या ट्रे, भिंगं यांची जबाबदारी माझ्यावर आहे. तिला म्हटलं, निश्चिंत जा. विश्वस्त आले की त्यांना नाव ठेवायला जागा राहणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

संग्रहालयाला सुट्टी, म्हणून आजच उरकलं. चिंचेखालचा कोपरा साफ करून घेतला.

तिकीट खिडकीवरची शिखा मदतीला होती. कॉलेजची मुलगी आहे, जरा भित्री. म्हणाली, “मॅम, एक बार अस्मिता दीदी से पूछ लें?” मी म्हटलं, “झाडू मारायला कोणाची परवानगी लागते?” कामगार लावले. वरचा पाला, खालचा काळा भुसा, कुजकी लाकडं, सगळं पोत्यांत भरून निगमच्या गाडीत चढवलं. त्यात सापडलेली प्लॅस्टिकची पिशवी मी स्वतः वेगळी काढून सुक्या डब्यात टाकली. मग जमीन चोपून घेतली, पाणी मारलं. आता रांगोळी काढावी अशी जागा दिसते. पंचवीस-तीस माणसं ऐसपैस बसतील.

दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे. सगळं शहर घासूनपुसून चाललं असताना आपलाच कोपरा ओंगळ कसा ठेवायचा? अस्मिता आली की चकित होईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

अस्मिता आली. माझ्यासाठी कंदी पेढे आणले होते. मी तिला हाताला धरून कोपऱ्यात नेलं.

ती खाली बसली. जमिनीवर तळहात ठेवला, जसा आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात. मग म्हणाली, “सगळंच गेलं, ताई?”

“सगळं,” मी म्हटलं. अजूनही मी शाबासकीचीच वाट पाहत होते, हे लिहून ठेवते.

“कार्यक्रम त्याचाच होता.”

‘पायाखालचं जग’ म्हणजे मातीचे नमुने आणि सूक्ष्मदर्शक अशी माझी समजूत होती. तिने सांगितलं ते असं. पाला पडतो, कुजतो, ओला राहतो. त्यात असंख्य पायांचे वाणी, गोगलगायी, कोळी, वाळवी, डोळ्यांना न दिसणारे शेकडो जीव राहतात आणि पाल्याची माती करतात. ते जग जमायला वर्ष लागलं. पाहुण्यांच्या ट्रेमध्ये ओंजळभर पाला घालून विचारायचं होतं, काय दिसतंय?

मी रोज बघत होते. ती तिथे बसायची, पाणी घालायची, कोणाला जाऊ द्यायची नाही. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मला कचरा दिसला. बी.एस्सी.

मी म्हटलं, “मला रागव.”

“चूक माझी आहे, ताई. इंदूरमध्ये राहून हे सांगायला हवं होतं, की इथे झाडू नका.”

ती आवाज न चढवता बोलली. मला तिचा फार आदर वाटला आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. संध्याकाळी शिखाने सांगितलं की सुशांतजींचा फोन आला होता आणि अस्मिता त्यांना म्हणाली, “तैयारी में हमसे एक गलती हुई है, पर प्रोग्राम होगा.” ‘हमसे’ म्हणाली. माझं नाव घेतलं नाही.

पेढे खाल्ले नाहीत. डब्यात आहेत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी अस्मिता म्हणाली, वर्षानुवर्षं न झाडलेली, झाडांखालची, सावलीतली जागा कुठे मिळाली तर निभेल. तिने बागांमध्ये चौकशी केली. सगळीकडे लख्ख. या शहरात कोणी पान खाली पडू देत नाही.

बसमध्ये बसल्यावर मला एकदम आठवलं. भिंतीपलीकडे आहे!

संध्याकाळी कृष्णरावांच्या फाटकाशी गेले. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला. ओसरीवर रेडिओ ऐकत बसतात. मला पाहून उठले, सदऱ्याचं बटण लावलं.

“या, या. काय शिकायत आहे आज?”

“शिकायत नाही. तुमचा पालापाचोळा हवा आहे.”

त्यांनी रेडिओ बंद केला. “परत सांगा. मला ऐकू कमी येतं का, ते बघतो.”

“पालापाचोळा. पोत्यात भरून. खालच्या काळ्या थरासकट.”

“मनोरमाबाई, ज्याचे तुम्ही चारही दिशांनी फोटो काढले, तो?”

सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील. हसले, पण फार नाही. म्हणाले, “त्या पोरीची नोकरी जाते की काय?”

“नोकरी नाही. तिचं वर्ष जातं.”

“मग घ्या. पण एक शर्त. पोती माझ्या व्हॅनमधून जातील आणि मीही येणार. माझा कचरा कुठे चाललाय, बघायला नको?”

मी विचारलं, इतकी वर्षं का झाडलं नाहीत? यामागे काही विचार असावा असं वाटलं.

“आळस हो, दुसरं काय! आणि झाडलं असतं तर तुम्ही फाटकावर कशाला आला असता?”

आळसाचं समर्थन करायला माणूस काहीही बोलतो. चहा मात्र चांगला केला होता. आलं घालून.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अस्मिता सकाळीच छत्रीबागेत आली. कृष्णरावांच्या आंब्याखाली गुडघ्यांवर बसली, पाला बाजूला केला आणि “ताई!” म्हणून ओरडली. मी धावले, मला वाटलं, काही चावलं. तांबडे-काळे वाणी वेटोळी करून पडले होते. गोगलगायीची अंडी होती, साबुदाण्यासारखी. पांढरे कण होते, ते कण म्हणावेत तर उडी मारत होते. ती लहान मुलीसारखी हसत होती.

कृष्णराव माझ्या कानाशी म्हणाले, “बघा, मी पाळलेत.”

“तुम्ही काही पाळलं नाहीत. तुम्ही नुसते बसला होता.”

“तेच तर. इतकं नीट बसायला कोणाला जमतं?”

तिने थर मोडू न देता पाला उचलायला शिकवलं. तळहात खाली सरकवायचे, जसं झोपलेलं मूल उचलतो. अर्धाच घेतला, अर्धा जागेवर ठेवला. नाहीतर इथलं जग उजाड होईल, म्हणाली. घाईतसुद्धा हा विचार तिला सुचला. मला सुचला नसता.

ओली पोती व्हॅनमध्ये ठेवली. मागची सीट पोत्यांनी भरली, म्हणून मला पुढे बसावं लागलं. अख्ख्या सांवेर रोडवर कृष्णराव बैलगाडीच्या चालीने व्हॅन हाकत होते. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार. एक ओरडला, “भिया, सो गए क्या?” कृष्णराव खिडकीतून म्हणाले, “अंदर बच्चे सो रहे हैं!”

मला हसू आलं. आलं तर आलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

थकले आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळपासून माणसं आली. मुलं, आजी-आजोबा, कारखान्यांतले दोन-चार कामगार कुटुंबांसह. सुशांतजी तीन विश्वस्तांना घेऊन आले. इस्त्रीचे पांढरे कपडे, म्हणून खुर्च्या मागितल्या. मी सतरंज्या टाकल्या होत्या, तरी खुर्च्या दिल्या.

अस्मिता सुरुवात करणार तोच सुशांतजी वर बघून खाली बघून म्हणाले, “एक मिनट. पेड़ तो इमली का है. नीचे पत्ते आम के कैसे?”

सगळे बघायला लागले. अस्मिताने तोंड उघडलं. ती पुन्हा ‘हमसे’ म्हणणार हे मला कळलं. मी उभी राहिले.

“इथला पाला मी झाडून टाकला,” मी म्हटलं. मग हिंदीतही सांगितलं, कारण अर्धवट कबुली मला चालत नाही. “इथे वर्षभर जमलेलं जग होतं. पाहुणे येणार, जागा चकाचक हवी, म्हणून मी ते पोत्यांत भरून गाडीत टाकलं. विचारलंसुद्धा नाही. हा पाला माझ्या शेजाऱ्यांचा आहे. त्यांच्या अंगणात घाण असते म्हणून मी दर महिन्याला त्यांची शिकायत करते.”

मग मागून एक बाई म्हणाली, “मॅडमजी, मैं होती तो मैं भी झाड़ देती. फिनाइल अलग से डालती!” सगळे हसायला लागले. एक कामगार म्हणाला, त्याची आई तर झाडावरची पिकली पानंही काठीने पाडून घेते, पुन्हा पुन्हा झाडायला नको म्हणून. प्रत्येकाच्या घरी असं कोणीतरी निघालं. कृष्णरावांनी उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. “पत्ते मेरे हैं,” म्हणाले. टाळ्या पडल्या! आळसाला टाळ्या मी प्रथमच ऐकल्या.

अस्मिता म्हणाली, “तो चलिए, देखते हैं मॅडम ने क्या फेंका था.”

प्रत्येक ट्रेमध्ये ओंजळभर पाला. मग जे झालं त्याचं वर्णन नीट जमणार नाही. इतकी माणसं, आणि आवाज फक्त कुजबुजीचा. वाणी एकीच्या हातावर चालला तर ती म्हणाली, झालर चालल्यासारखी वाटते. एका आजींना पानाच्या जाळीत कोळीण अंडी पोटाशी धरून बसलेली दिसली. त्यांनी भिंग कोणालाच दिलं नाही.

विश्वस्तांच्या ट्रेमधून एकदम आरोळी आली. “साँप!” खुर्ची पडली. ट्रेमध्ये काळसर, चकचकीत, दोऱ्याइतका बारीक जीव वळवळत होता. दुसरे म्हणाले, “अरे केंचुआ है.” वाळा होता. मला पाहताक्षणी कळलं. बरणीतला मी परीक्षेत ओळखला होता. अस्मिताने माझ्याकडे पाहिलं. ट्रे माझ्या हद्दीत होती.

मी ओठ मिटले. मग विचारलं, “सुशांतजी, क्या दिख रहा है?”

“मॅडम, आप ही बता दीजिए ना.”

“मी नाही सांगणार. काटता नहीं है, इतना बता सकती हूँ. देखिए.”

त्यांनी पांढऱ्या पँटचा विचार केला. मग गुडघे टेकले. भिंग घेतलं. बराच वेळ गेला. एकाएकी म्हणाले, “इसने जीभ निकाली.” पुन्हा वाकले. “केंचुए की जीभ कहाँ होती है? और ये... ये दो काले बिंदु, आँखें हैं क्या? अरे, ये तो साँप ही है! इतना सा!”

त्यांनी पडलेल्या खुर्चीवाल्या विश्वस्तांना बोलावलं, “आओ यार, नीचे बैठो, ऊपर से कुछ नहीं दिखता.” चौघंही मातीत बसले. मी नाव सांगितलं, कारण आता त्यांनी मागितलं होतं.

संपल्यावर कोणी उठेना. कँटीन कुठे आहे, हे एकानेही विचारलं नाही. सुशांतजी गुडघे झटकत अस्मिताला म्हणाले, “काउंटर गेट के पास ठीक रहेगा. यहाँ मत छेड़ना कुछ.” मग माझ्याकडे वळले. “और मॅडम, यहाँ एक बोर्ड लगेगा. झाड़ू लगाना मना है. अक्षर आपके होने चाहिए.”

अस्मिताने मला मिठी मारली. तिच्या हातांना माती होती, माझ्या पातळालाही लागली. राहू दिली.

कंदी पेढे आज खाल्ले. दोन कृष्णरावांना दिले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बोर्ड लिहून दिला. हिंदी, मराठी दोन्ही. अक्षर अजून चांगलं आहे.

सकाळी दूध घ्यायला बाहेर आले तर गल्लीत निगमची गाडी. चार-पाच माणसं झाडू, फावडी घेऊन कृष्णरावांच्या फाटकाशी. मुकादम म्हणाला, “मॅडम, आपकी कंप्लेंट थी ना, पत्तों की? दिवाली से पहले सब साफ कर देंगे.”

मी दुधाचं पातेलं घेऊन फाटकाच्या आडवी उभी राहिले.

“कंप्लेंट वापस,” म्हटलं.

“पर फोटो आपने ही डाले थे. ये देखिए.”

“तेव्हा मला दिसत नव्हतं.”

त्याने माझ्याकडे, मग पाल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. म्हातारीशी वाद घालायचा त्याला पगार नसावा. गल्लीचं गटार तेवढं साफ करून गेले, चांगलं केलं. कृष्णराव ओसरीवरून सगळं बघत होते. केस विंचरलेले होते.

“मनोरमाबाई, शिकायत वापस घेतली तर आता फाटकावर कशा येणार?”

“अस्मिताला हा पाला राखीव ठेवायचा आहे,” मी सांगितलं. “आता थंडी येईल, वारा कोरडा होईल. पाला ओला राहिला पाहिजे. तुम्ही आळशी आहात, तुमच्यावर सोडता येणार नाही.”

“मग?”

“मी येईन. झारी घेऊन. रोज.”

ते आत गेले आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. वाळव्या-वाण्यांची एवढी काळजी त्यांना असेल असं मला वाटलं नव्हतं. माणूस पहिल्या नजरेत कळत नाही, बराच वेळ बघत राहावं लागतं.